'रन'ला अर्थ किती?

काही वर्षांपूर्वी एका अमेरिकी कादंबरीचा मराठी अनुवाद माझ्याकडे तपासायला आला होता. अनुवादक नवखा, पण हात चांगला. सुरुवातीच्या पानांतच वाक्य आले : 'पुढच्या वर्षी तो सिनेटसाठी धावणार होता.' मी पेन्सिलीने 'धावणार' खोडले आणि वर 'उभा राहणार' लिहिले. मग जरा थबकलो. अमेरिकेतला उमेदवार धावतो आणि आपला उभा राहतो. ब्रिटनमधला इंग्रजीच बोलतो, तरी तोही उभाच राहतो. पुढे त्याच बाडात एकाचे गॅरेज धावत होते आणि एका पोराचे नाकही. नळ तेवढा पळत नव्हता.

मुळात या सगळ्या जागी एकच शब्द होता, रन. बिचाऱ्या अनुवादकाने कोशातला पहिला अर्थ उचलला आणि तो सगळीकडे लावला. त्याला हसणे सोपे आहे, पण त्याची अडचण मोठमोठ्या विद्वानांचीही आहे. अशा शब्दाला नेमके किती अर्थ असतात? ते कोणी आणि कशाने मोजायचे? आणि निदान एकेका अर्थापुरता तरी त्याच्या जागी दुसरा शब्द तंतोतंत बसतो का? मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाने १८९७ साली आपल्या ग्रंथात शब्दाच्या या अनेकार्थीपणाला 'पोलिसेमी' हे नाव दिले. तेव्हापासून या प्रश्नांवर कोशकार, भाषावैज्ञानिक, मानसशास्त्रज्ञ आणि अलीकडे संगणकवाले आपापल्या बाजूने बोलत आले आहेत. त्यांचे बोलणे आज कुठवर आले आहे ते 'रन'च्या निमित्ताने पाहू.

दोघांचा एक झाला

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद एकटे नव्हते. एक होते स्वतः धावण्याचे, वाहण्याचे. दुसरे प्रयोजक, म्हणजे धावायला लावण्याचे. त्यांत उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतली भावंडे मिसळली आणि काही शतकांत सगळ्यांचा मिळून एकच 'रन' झाला. जर्मन भाषेने मात्र घर वेगळे ठेवले आहे. तिथे पाणी 'रिनेन' करते आणि माणूस 'रेनेन' करतो. मराठीतही पाणी वाहते आणि माणूस धावतो, आणि प्रयोजकासाठी आपल्याकडे 'चालणे'चे 'चालवणे', 'पळणे'चे 'पळवणे' असा रीतसर प्रत्यय आहे. इंग्रजीत हा फरक रूपातून पुसला गेला. त्यामुळे घोडा रन होतो आणि स्वारही त्याला रन करतो.

ही मोकळी जागा पुढे फार कामाला आली. गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, मग मोटारी आणि संगणक आले. जे जे सुरू राहते त्याला इंग्रजीने हाच शब्द दिला. खेळातली कथा तर गमतीची आहे. जुन्या क्रिकेटमध्ये धावसंख्या ठेवणारा माणूस लाकडाच्या काठीवर सुरीने खाचा पाडत असे, आणि गुणालाही 'खाच' असेच म्हणत. अमेरिकेत बेसबॉलच्या १८४५ सालच्या नियमांत गुणाला 'एस' हे नाव आहे. दोन्ही खेळांत आज 'रन'च उरला आहे.

मोजदाद

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशात 'टेक' या क्रियापदाचे १३४ अर्थ दिले. प्रस्तावनेत त्याने अशा आखूड, रोजच्या क्रियापदांची एक यादीच दिली आहे आणि त्यांनी आपल्याला किती छळले ते सांगितले आहे. 'रन' त्या यादीत आहे.

ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची कल्पना १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत निघाली. पहिला भाग १८८४ साली छापला गेला आणि पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली. संपादक जेम्स मरे यांनी घराच्या आवारात पत्र्याची खोली उभारली होती. तिच्या कप्प्यांत वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या भरल्या जात. एका चिठ्ठीवर एक शब्द आणि तो जिथे सापडला ते वाक्य. मरे यांची मुलेही खाऊच्या पैशांवर चिठ्ठ्या लावायला बसत. अर्थ मोजण्याची पद्धत म्हणजे या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करणे. ही चिठ्ठी त्या गठ्ठ्यात जाते का? नाही जात? मग नवा गठ्ठा. आज चिठ्ठीच्या जागी पडदा आहे, काम तेच आहे.

१९८९ साली वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात सर्वांत लांब नोंद होती 'सेट'ची. एकट्या क्रियापदाचे ४३० अर्थ, सुमारे साठ हजार शब्दांत. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर 'मेक' पुढे गेला, मग 'पुट', आणि २०११ साली 'रन' सगळ्यांच्या पुढे निघाला. त्याच्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. पीटर गिलिव्हर या संपादकाला त्यासाठी सुमारे नऊ महिने लागले. वर्तमानपत्रांनी तेव्हा ही बातमी शर्यतीच्या निकालासारखी दिली. एक गोष्ट तिच्यात सहसा नसे. 'सेट'ची नोंद तेव्हा नव्याने तपासून झालेली नव्हती, म्हणजे दोन धावपटू एकाच मैदानात उतरलेलेच नव्हते.

आता दुसरा आकडा घ्या. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी १९८५ च्या सुमारास सुरू केलेल्या 'वर्डनेट' या संगणकीय कोशात 'रन' या क्रियापदाला ४१ अर्थ आहेत आणि नामाला १६. शब्द तोच आणि भाषाही तीच. ६४५ आणि ४१ यांत इतकी तफावत आहे की ती मोजण्यातली चूक म्हणून सोडून देता येत नाही. दोघांनी एकच वस्तू मोजली आहे का, अशीच शंका येते.

नळ, नाक आणि न्हाणी

गठ्ठे बांधताना काय होते ते जवळून पाहण्यासाठी एकच कोपरा घेऊ, पाण्याचा. इंग्रजीत पाणी रन होते. नळ रन होतो. नाक रन होते. न्हाणीतला टब भरायचा तर माणूस टब रन करतो. धुतलेल्या कपड्याचा रंगही रन होतो. अर्थ किती? एक म्हणावे तर सगळीकडे द्रव पुढे सरकतो आहे. पाच म्हणावे तर पाणी स्वतः वाहते, नळ मात्र जागचा हलत नाही, तो पाणी सोडतो. टबात तर पाणी वाहून जायचे नसून साठायचे असते.

कोशकारांत यावरून दोन प्रवृत्ती जुन्याच आहेत. काही जण बारीक फरक दिसला की फोडतात, काही जण जमेल तितके एका गाठोड्यात बांधतात. फोडणाऱ्यांची बाजू अशी : वाक्याची घडण बदलली, कर्ता बदलला, बदली शब्द बदलला, तर तो फरक वाचकाला दाखवणे हे कोशाचे कामच आहे. त्यात तो इतिहासाचा कोश असेल तर प्रत्येक वळण कोणत्या साली आले तेही सांगायचे असते. बांधणाऱ्यांचे म्हणणे असे की, नळ वाहणे हा शब्दाचा वेगळा अर्थच नव्हे. आतल्या वस्तूचे क्रियापद बाहेरच्या भांड्याला लावायची माणसाची सवय आहे. मराठीतही जखम वाहते, गटार वाहते आणि छप्पर गळते. रशियन भाषावैज्ञानिक यूरी अप्रेस्यान यांनी १९७४ साली अशा नियमित अनेकार्थतेची मांडणी केली. नियम एकदा सांगितला की प्रत्येक शब्दाखाली तो पुन्हा कशाला लिहायचा, असे त्यावरून विचारता येते.

फरक ठरवायला कसोट्या आहेत. सर्वांत प्रसिद्ध कसोटी म्हणजे एकाच क्रियापदाच्या खुंटीला दोन गोष्टी टांगायच्या. 'तो मॅरेथॉन आणि हॉटेल रन करतो' म्हटले की हसू येते, म्हणून अर्थ दोन. कसोटी छान आहे, पण 'आजोबा आणि त्यांचे घड्याळ, दोघेही सध्या हळू चालतात' या वाक्याला हसायचे की ते चालू द्यायचे? मी चार जणांना विचारले. दोघांना त्यात विनोद दिसला, दोघांना काहीच खटकले नाही. डर्क गेरार्ट्स या बेल्जियन अभ्यासकाने १९९३ साली हेच पद्धतशीर दाखवले. एकाच शब्दाला वेगवेगळ्या कसोट्या लावल्या तर उत्तरे जुळत नाहीत, आणि संदर्भ बदलला तर एकच कसोटीही आपले उत्तर फिरवते.

जाळे, गाभा आणि वापर

सिद्धान्ताच्या पातळीवर आज तीन मोठ्या भूमिका आहेत.

पहिली जाळ्याची. क्लॉडिया ब्रुगमन आणि त्यांच्या कामावर पुढे लिहिणारे जॉर्ज लेकॉफ यांनी 'ओव्हर' या एवढ्याशा शब्दाचे विश्लेषण केले. लेकॉफ यांचे पुस्तक १९८७ चे. मधोमध एक ठळक अर्थ असतो आणि त्यापासून रूपकाने, सान्निध्याने फुटत गेलेले बाकीचे अर्थ फांद्यांसारखे जोडलेले असतात, असे त्यांचे चित्र आहे. 'रन'ला हे चित्र चांगले शोभते. पायांनी वेगाने जाणे मध्यभागी, मग पाणी, मग गाडी, मग रस्ता नदीकाठाने 'धावणे', मग नाटकाचे प्रयोग सुरू राहणे. आक्षेप असा की जाळे विणणाऱ्याला कुठे थांबायचे ते कळत नाही. १९९५ साली डोमिनिक सांड्रा आणि सॅली राइस यांनी विचारले की ही जाळी बोलणाऱ्याच्या मनात आहेत की भाषावैज्ञानिकाच्या. अँड्रिया टायलर आणि व्हिव्हियन इव्हान्स यांनी २००१ साली उत्तरादाखल लगाम सुचवला : जो अर्थ संदर्भावरून काढता येतो त्याला वेगळा क्रमांक द्यायचा नाही.

दुसरी भूमिका गाभ्याची. चार्ल्स रूल यांनी १९८९ च्या पुस्तकात 'बेअर'सारख्या क्रियापदांची शेकडो वाक्ये तपासून म्हटले की शब्दाला एकच, फार अमूर्त अर्थ असतो. बाकीचे रंग आजूबाजूचे शब्द आणि आपले जगाचे ज्ञान भरते. आधी एकच अर्थ गृहीत धरा आणि तो टिकत नाही असे सिद्ध झाले तरच फोडा, असा त्यांचा आग्रह आहे. भूमिका डौलदार आहे. तिची अडचण अशी की 'रन'चा गाभा म्हणून 'काही तरी सलगपणे पुढे जात राहणे' असे काही धरले, तर 'फ्लो' आणि 'गो' हेही त्यात बसतात. मग यांतला कोणता शब्द कुठे वापरायचा, हे गाभ्यावरून कळत नाही.

तिसरी भूमिका वापराची. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८७ साली 'कोबिल्ड' कोश निघाला. संगणकावर साठवलेल्या प्रचंड मजकुरातून अर्थ काढणारा तो पहिला मोठा कोश. त्या परंपरेतले पॅट्रिक हँक्स यांच्या मते अर्थ एकट्या शब्दाला नसतो, तो शब्दाच्या ठरलेल्या सोबतीला असतो. 'रन'पुढे 'बिझनेस' आला की अर्थ ठरला, 'टेंपरेचर' आला की ठरला. अॅडम किलगारिफ यांनी तर १९९७ साली 'शब्दार्थांवर माझा विश्वास नाही' अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. शीर्षक भडक आहे, म्हणणे मात्र मोजके. उदाहरणांचे गठ्ठे खरे असतात, पण ते कोणत्या कामासाठी बांधले यावर त्यांची संख्या ठरते. श्टेफान ग्रीस यांनी २००६ साली 'रन'चीच ८१५ उदाहरणे घेऊन प्रत्येकावर व्याकरणाच्या आणि सोबतच्या शब्दांच्या खुणा केल्या आणि वापराच्या आकड्यांतून जाळे तपासता येते का ते पाहिले. तिन्ही भूमिकांत पूल बांधण्याचा मला दिसलेला हा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'त दोन्ही पक्ष आहेत : एकच शब्द अनेक अर्थांचा असतो, असे मानणारे आणि अर्थ बदलला की शब्दही दुसराच, रूप तेवढे सारखे, असे मानणारे. सान्निध्य, साहचर्य, विरोध, प्रकरण अशी अर्थ ठरवणाऱ्या साधनांची यादीही तिथेच आहे. हँक्स यांची 'सोबत' तिच्यापासून फार लांब नाही.

बदली शब्द

समानार्थी शब्दांचा प्रश्न याला चिकटूनच येतो, कारण बदली नेहमी एका अर्थापुरती असते. पायांच्या 'रन'ला 'स्प्रिंट' आणि 'जॉग' आहेत, पाण्याच्या 'रन'ला 'फ्लो', धंद्याच्या 'रन'ला 'मॅनेज', यंत्राच्या 'रन'ला 'ऑपरेट'.

पीटर मार्क रॉजे हा डॉक्टर. १८०५ साली त्याने स्वतःच्या सोयीसाठी शब्दांची वर्गवार यादी केली आणि निवृत्तीनंतर, १८५२ साली, ती वाढवून 'थिसॉरस' म्हणून छापली. सहा वर्ग, हजार शीर्षके. शब्द माहीत आहे आणि अर्थ हवा, हे कोशाचे काम. इथे उलटे : कल्पना मनात आहे, शब्द सापडत नाही. रॉजेच्या आधी मात्र दुसरीच परंपरा जोरात होती, जवळच्या शब्दांतले फरक सांगण्याची. हेस्टर पियोझी यांचे पुस्तक १७९४ चे, जॉर्ज क्रॅब यांचे १८१६ चे. रॉजे शब्द एकत्र मांडतो आणि निवड वाचकावर सोडतो, पियोझी आणि क्रॅब बोट धरून फरक दाखवतात. ग्लासगो विद्यापीठात १९६५ साली सुरू झालेला इतिहासाचा थिसॉरस २००९ साली पुरा झाला. त्यात कोणत्या कल्पनेला कोणत्या काळी कोणते शब्द होते ते दिसते.

खरे समानार्थी शब्द असतातच का? लेनर्ड ब्लूमफिल्ड यांनी १९३३ साली नाही म्हटले : रूप वेगळे असेल तर अर्थही कुठे तरी वेगळा असणार. बहुतेक भाषावैज्ञानिक आज सौम्य रूपात हेच मानतात आणि 'निकटार्थी' म्हणून वेळ निभावतात. 'मॅनेज' हा इटालियनमधून आलेला शब्द, मुळात घोडा हाताळण्याचा. आज बाई शाळा 'रन' करते म्हटले तर शाळा तिच्या हातात आहे असे वाटते, 'मॅनेज' करते म्हटले तर तिच्यावर कोणी असेल अशी शंका येते. यंत्राला 'ऑपरेट' बसते, पण तापाला किंवा न्हाणीच्या टबाला लागणाऱ्या 'रन'ला यांतला एकही शब्द बसत नाही.

हे पटायला इंग्रजीत जायचीही गरज नाही. 'धावणे' आणि 'पळणे' आपल्याला सारखेच वाटतात. पण माणूस मदतीला धावतो, मदतीला पळत नाही. चोर पळतो. देव धावून येतो, मुलगी पळून जाते. फलंदाजाच्या धावाच होतात. आणि दोन्ही एकत्र बांधून आपण 'धावपळ' करतो, जिच्यात ना देव असतो ना चोर.

डोके आणि यंत्र

हे अर्थ डोक्यात कसे साठवलेले असतात यावर प्रयोग झाले आहेत, पण निकाल एका दिशेचे नाहीत. डेव्होरा क्लाइन आणि ग्रेगरी मर्फी यांना २००१ साली असे आढळले की संबंधित अर्थही मनात बरेचसे वेगळे ठेवलेले असतात, एकाचा दुसऱ्याला फारसा उपयोग होत नाही. पुढच्याच वर्षी जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की संबंध नसलेले अर्थ शब्द ओळखण्याचा वेग कमी करतात, पण एकमेकांत गुंतलेले अनेक अर्थ असले तर शब्द उलट लवकर ओळखला जातो. शब्द कोणते निवडले, काम काय दिले, यावर निकाल हलतात.

यंत्रानुवादात ही अडचण सुरुवातीपासूनच उघड होती. येहोशुआ बार-हिल्लेल यांनी १९६० साली खोका 'पेन'मध्ये आहे, एवढे साधे वाक्य दिले. इथे 'पेन' म्हणजे लहान मुलाला खेळायला ठेवायचा कठडा, हे वस्तूंच्या आकाराचे ज्ञान नसलेल्या यंत्राला कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे माणसांनाच वाक्ये देऊन वर्डनेटमधला अर्थ निवडायला लावले तेव्हा त्यांचेही आपसांत पुरेसे जमेना. २००६ साली 'ऑन्टोनोट्स' प्रकल्पाने व्यवहारी तोडगा काढला. नव्वद टक्के एकमत होईपर्यंत जवळचे अर्थ एकत्र बांधत जायचे. २०१३ च्या सुमाराची संगणकप्रणाली एका शब्दाला अर्थाची खूण म्हणून आकड्यांची एकच ओळ देई. २०१८ नंतरच्या प्रणाली प्रत्येक वाक्यात शब्दाला नवी ओळ देतात, म्हणजे क्रमांकित अर्थांची गरज वरवर तरी संपते. किलगारिफ यांचे म्हणणे खरे ठरले, असे काहींना वाटते. काहींच्या मते गठ्ठे त्या ओळींत आजही दिसतात, फक्त त्यांच्यावर चिठ्ठी नाही.

मराठीच्या बाजूने

फिलिप रेझनिक आणि डेव्हिड यारोव्स्की यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक माप सुचवले. शब्दाचे तेवढेच अर्थ वेगळे धरा जे दुसऱ्या भाषांत वेगळ्या शब्दांनी बोलले जातात. 'रन'ला हे माप मराठीत लावून पाहा. माणूस धावतो, पाणी वाहते, ताप येतो, रंग जातो, रस्ता जातो, गॅस संपतो, उमेदवार उभा राहतो, बातमी छापली जाते, जुना मित्र अचानक भेटतो. आणि धंदा, यंत्र, सिनेमा, घर, खटला हे सगळे चालतात. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुधा चालते. मला हे निरीक्षण आवडते, पण त्यावरून इंग्रज घाईचा आणि मराठी माणूस निवांत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आपली एसटीही धावतेच.

या मापाची अडचणही इथेच दिसते. भाषा बदलली की संख्या बदलते. जर्मनने पाणी आणि पाय वेगळे केले म्हणून ते दोन, आणि मराठीने यंत्र आणि सिनेमा एकत्र ठेवले म्हणून तो एक? किती भाषा धरायच्या आणि कोणत्या, याचे उत्तर नाही.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी १८४७ साली पुरा केला. तेव्हापासून आपले द्वैभाषिक कोश हीच कसरत करत आले आहेत. इंग्रजीचे गठ्ठे जसेच्या तसे घ्यायचे की मराठी जिथे फुटते तिथे नवे करायचे? मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या मराठी वर्डनेटची अडचण थोडी वेगळी. ते हिंदी वर्डनेटमधले समानार्थी शब्दांचे संच समोर ठेवून वाढवले गेले. त्यामुळे भाषांना जोडणारा धागा मिळाला आणि काम पुढे सरकले. पण 'चालणे' स्वतःच्या सांध्यांवर फुटले की शेजारणीच्या, हे मराठी मजकुराच्या मोठ्या साठ्यावर तपासून पाहायचे काम बरेच बाकी आहे.

बाकी राहिलेले

हाती काय आहे? एकाच संख्येवर एकमत होणार नाही, यावर जवळपास एकमत आहे. वाक्यातली सोबत अर्थ ठरवण्यात मोठा वाटा उचलते, हेही सगळे मानतात. तो वाटा पूर्ण आहे की शब्दाचे स्वतःचे काही उरते, इथे रूल आणि हँक्स यांच्या वाटा वेगळ्या होतात. संशोधकाने विणलेले जाळे आणि बोलणाऱ्याच्या मनातले जाळे जुळते का, ते प्रयोगांनी ठरलेले नाही. आणि यंत्राला 'रन' बरोबर वापरता येतो म्हणजे त्याला त्याचे अर्थ माहीत आहेत का, हा प्रश्न भाषाविज्ञानातून निघून तत्त्वज्ञानात गेला आहे.

त्या हस्तलिखितातली बाकीची 'रन' मी एकेक करून सोडवली. एक राहिली. नायकाची नोकरी जाते, गाडी ठोकली जाते, बायको माहेरी निघून जाते, आणि लेखक त्याला वाईट नशिबाची 'रन' म्हणतो. अनुवादकाने लिहिले होते, 'त्याच्यामागे साडेसाती लागली.' शब्द अगदी चपखल. फक्त ओहायोतल्या त्या माणसाच्या राशीला शनी कुठून आला, ते कळेना. 'दिवस फिरले' लिहून पाहिले, तर सलग एकामागून एक कोसळण्याची ती साखळी तुटली. 'संकटांची मालिका' वर्तमानपत्री वाटली. शेवटी समासात प्रश्नचिन्ह काढून मी बाड परत पाठवले.